तकिट तकिट तक

2013 चा उन्हाळा जालन्यात कुणी विसरलेलं नाही. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, आणि वीज कधी जाईल याचाही. त्याच उन्हाळ्यात मी गिटारवरच्या हायब्रिड पिकिंगच्या रियाजाला बसलो. ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाण्यांना साथ करून हात तयार झालाय, असं तोवर वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की उजव्या हाताची निम्मी बोटं मी कधी वापरलीच नव्हती.

तंत्र सांगायला सोपं आहे. अंगठा आणि तर्जनीत पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, धरायचं. मोकळं राहिलेलं मधलं बोट आणि अनामिका यांनी बारीक तारा छेडायच्या. अमेरिकेच्या कंट्री संगीतात हे मुरलेलं आहे. लुइझियानाचा गिटारवादक जेम्स बर्टन पिकच्या जोडीला मधल्या बोटात नखी घालायचा. 1957 च्या ‘सुझी क्यू’ या गाण्यात त्यानं वाजवलं तेव्हा तो विशीतही नव्हता; 1969 पासून तो एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीला होता. अल्बर्ट ली हा तर इंग्लंडचा, तरी त्याचं ‘कंट्री बॉय’ हे गाणं या शैलीचा मापदंड ठरलं. हे ऐकून मला धीर आला. गावाचं बंधन या हाताला नाही.

पहिलं वर्ष एका रोलमध्ये गेलं. चौथ्या तारेवर पिक, तिसरीवर मधलं बोट, दुसरीवर अनामिका. आठ सुरांत हा क्रम तीन-तीन-दोन असा बसतो. एक-दोन-तीन मोजून तो मला सापडेना. लहानपणी कानावर पडलेला तबला मदतीला आला: तकिट तकिट तक. मेट्रोनोम साठवर, एका ठोक्याला दोन सूर, आधी ठाय.

अडचण वेगाची नव्हतीच. पिकचा सूर टणक, बोटाचा मऊ. त्यामुळे पहिला, चौथा आणि सातवा सूर आपोआप उठून यायचा आणि मधले बुडायचे. ॲम्प्लिफायरला कॉम्प्रेसर जोडला की लहान-मोठे आवाज एका पातळीवर येतात, म्हणून हा दोष मला ऐकूच येत नव्हता. तो ऐकवला भारनियमनानं. वीज गेली की ओट्यावर, रिकाम्या घागरींशेजारी, कोरडी गिटार घेऊन बसायचो. तिथं प्रत्येक सूर उघडा पडायचा. बोटाची नखं किंचित वाढवली, तार ओढण्याऐवजी तळव्याच्या दिशेनं चटकन सोडायला शिकलो. आठही सूर सारखे व्हायला दुसरा उन्हाळा उजाडला. मग जोर कुठं द्यायचा हे मी ठरवू लागलो. तोवर ते पिक ठरवत होतं.

पुढची वर्षं भराभर गेली. चिकन पिकिंगमध्ये पिकचा सूर दाबून मुका करायचा आणि लगेच बोटानं तार चटकवायची. कोंबडी कॉक-कॉक करते तसा आवाज येतो. त्यानंतर पेडल स्टील गिटारची नक्कल: दुसरी तार धरून ठेवायची आणि तिसरी एक पूर्ण सूर वर खेचायची. यात चूक लपत नाही, कारण शेजारचा स्थिर सूर लगेच साक्ष देतो.

याचा जालन्यात उपयोग काय, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर एका लग्नाच्या कार्यक्रमात मिळालं. कीबोर्डवाला आलाच नाही. मी पिकनं खर्ज धरला, बोटांनी वर सुरांच्या जोड्या भरल्या, आणि गायिकेला मागं पोकळी जाणवली नाही. कंट्रीचा एकही तुकडा वाजवला नव्हता; राबला होता तो त्यातून तयार झालेला हात.

आता दहा वर्षं उलटून गेली. वीज तेव्हासारखी जात नाही. तरी रोज पहिली पंधरा मिनिटं मी ॲम्प्लिफायरची वायर काढून ठेवतो, आणि साठच्या लयीत तकिट तकिट तक सुरू करतो. आजही एखादा सूर बुडतो. तो कोणत्या बोटाचा, हे मात्र आता लगेच कळतं.