बगळा, बगुला आणि ईग्रेट : एका पक्षिनामाचा शब्दशोध

प्रास्ताविक

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या उथळ काठावर पांढरे बगळे नेहमी दिसतात. मोठा व छोटा तलाव मिळून होणाऱ्या भोज पाणथळ क्षेत्राचा २००२ साली रामसर यादीत समावेश झाला. या पक्ष्याला आपल्या वर्गातील मराठीभाषी विद्यार्थी ‘बगळा’ म्हणतो, हिंदीभाषी ‘बगुला’ म्हणतो, उर्दूभाषी ‘बगला’ म्हणतो आणि इंग्रजी पुस्तकात ‘ईग्रेट’ असे छापलेले असते. यांपैकी शुद्ध शब्द कोणता, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. ‘बगळा’ हे ‘बगला’चे बिघडलेले, गावठी रूप आहे, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. हे उत्तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. शिवाय घरी बोलतो ती भाषा म्हणजे चूक, असा समज त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात कायमचा बसतो. प्रस्तुत लेखात या शब्दांची उत्पत्ती व अर्थ पाहून त्या प्रश्नाचे साधार उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

एक मूळ, अनेक रूपे

या पक्ष्याचे संस्कृत नाव ‘बक’. प्राकृत-अपभ्रंशाच्या टप्प्यावर दोन स्वरांमधील ‘क’चा काही शब्दांत ‘ग’ झाला. हिंदी-उर्दूतील लोक–लोग, शाक–साग, काक–काग या जोड्या त्याची उदाहरणे होत. त्याच रीतीने ‘बक’चा ‘बग’ झाला व त्याला ‘ल’ हा प्रत्यय लागला. मराठीत ‘अंध’पासून ‘आंधळा’ आणि ‘पंगु’पासून ‘पांगळा’ याच घडणीने तयार झाले आहेत.

मराठीत हा ‘ल’ ‘ळ’ का झाला? प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकेरी ‘ल’ असेल तर मराठीत सामान्यतः त्याचा ‘ळ’ होतो : फल–फळ, काल–काळ, जल–जळ. मात्र प्राकृतात जोड ‘ल्ल’ असेल तर मराठीत ‘ल’च राहतो. म्हणूनच ‘फुल्ल’चे ‘फूल’ झाले, ‘फूळ’ झाले नाही. गुजराती व राजस्थानीतही ‘ळ’ आहे. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही आणि उर्दू लिपीत त्यासाठी स्वतंत्र अक्षर नाही. तेव्हा ‘बगळा’ आणि ‘बगला’ ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत. एक दुसऱ्यापासून बिघडून झालेले नाही. दोघेही आपापल्या भाषेच्या नियमाने चालले आहेत.

दिसायला सारखे, पण परके

नाते ओळखावे तसे नात्याचा भासही ओळखावा. काख या अर्थाचा ‘बगल’ हा शब्द फारसीतून आला आहे. उर्दूत तो ‘गैन’ने लिहितात, तर पक्ष्याचा ‘बगला’ ‘गाफ’ने लिहितात. देवनागरीत नुक्ता गळाला की हा भेद दिसेनासा होतो. हिंदी-उर्दूतील ‘बगलें झाँकना’ या वाक्प्रचाराचा पक्ष्याशी काहीही संबंध नाही. निरुत्तर होऊन इकडेतिकडे पाहणे असा त्याचा अर्थ आहे. अरबी समुद्रातून फिरणाऱ्या एका मोठ्या गलबताला ‘बगला’ म्हणत. हा शब्दही ‘गैन’चाच असून अरबीत त्याचा मूळ अर्थ खेचर असा आहे. उर्दू कवितेत वारंवार भेटणारा ‘बगूला’ म्हणजे वावटळ. त्यातील दीर्घ ‘ऊ’कडे लक्ष न दिल्यास वाळवंटात वावटळीऐवजी पक्षी उभा राहतो आणि शेराचा अर्थच हरवतो.

ईग्रेट, कलगी आणि तुरा

इंग्रजी ‘ईग्रेट’ जुन्या फ्रेंचमधील ‘एग्रेत’वरून आला. त्यामागे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्साल भाषेतील रूप आहे आणि त्याही मागे जर्मानिक मूळ आहे. ‘हेरॉन’ हा शब्दही त्याच मुळापासून निघाला. म्हणजे इंग्रजीतही ही भावंडेच आहेत, आणि तेथे कोणी एकाला दुसऱ्याचा अपभ्रंश म्हणत नाही.

‘एग्रेत’ या शब्दाला पुढे शिरोभूषणावरील पिसांचा झुबका असाही अर्थ आला. विणीच्या हंगामात बगळ्याच्या अंगावर जी तलम पिसे येतात, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी मोठी मागणी आली. पिसे विणीच्या वेळीच येत असल्यामुळे मोठे पक्षी मारले जात व घरट्यातील पिले उपाशी मरत. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने वन्य पक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यावर बंदी घातली. पक्ष्याचे नाव दागिन्याला मिळाले आणि तो दागिनाच पक्ष्याच्या जिवावर उठला.

आपल्याकडे अशा शिरोभूषणाला ‘कलगी’ म्हणतात. हा शब्द फारसीतून आला आहे. त्याच्या जोडीचा ‘तुरा’ अरबी ‘तुर्रा’वरून आला. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ म्हणताना आपण अरबी-फारसीचा वारसा सहज बोलत असतो. महाराष्ट्राच्या शाहिरीत कलगीवाले शक्तीचा व तुरेवाले शिवाचा पक्ष मांडतात आणि सवाल-जबाब रंगतात. भोपाळच्या उत्तरेस असलेल्या चंदेरीच्या राजाने तुकनगीर या हिंदू साधूला तुर्रा आणि शाह अली या मुस्लिम फकिराला कलगी दिली, अशी या परंपरेची उगमकथा सांगितली जाते.

ढोंगाचा आळ

शब्दाचा अर्थ केवळ कोशात घडत नाही, तो कथांतूनही घडतो. पंचतंत्रातील बगळा तळे आटणार असल्याची भीती घालून मासे दुसऱ्या तळ्यात नेण्याचा बहाणा करतो व त्यांना खातो. शेवटी खेकडा त्याची मान तोडतो. हीच कथा पाली बकजातकात आहे. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा यांनी केलेल्या ‘कलीला व दिम्ना’ या अरबी अनुवादाने ती पश्चिमेकडे गेली. बाराव्या शतकातील नसरुल्लाह मुन्शी यांच्या फारसी ग्रंथात या पक्ष्याला ‘माहीख्वार’, म्हणजे मासे खाणारा, म्हटले आहे. त्यातील ‘ख्वार’ आणि मराठीतील लाचखोर, भांडखोर यांतला ‘खोर’ एकच.

मनुस्मृतीतील ‘बकवृत्ती’, मराठीतील ‘बकध्यान’ आणि हिंदी-उर्दूतील ‘बगुला भगत’ हे सर्व ढोंग्यासाठी वापरतात. परंतु महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्मा नावाचा बकच उदार मित्र आहे, तर कृतघ्न ठरतो तो त्याचा पाहुणा. आणि प्रत्यक्ष पक्षी? छोट्या बगळ्याचे पाय काळे व पंजे पिवळे असतात. तो पंजाने गाळ ढवळून भक्ष्य उठवितो, तर कधी स्तब्ध उभा राहून वाट पाहतो. गायबगळा गुरांमागे फिरून उडणारे किडे टिपतो. स्तब्धता हे त्याचे पोट भरण्याचे साधन आहे. ढोंगाचा अर्थ माणसाने त्यावर लादला.

अध्यापनासाठी

अध्यापकांनी हा एकच शब्द घेऊन एक तासिका घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या घरातील नाव घेऊन ती सर्व फळ्यावर लिहावीत. फल–फळ, काल–काळ या जोड्या शेजारी मांडून नियम विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा. त्यानंतर ‘गैन’ आणि ‘गाफ’मधील फरक दाखवावा. प्रमाण हिंदीच्या उत्तरपत्रिकेत ‘बगुला’ लिहावे, हे अवश्य सांगावे. मात्र ‘बगळा’वर लाल रेघ ओढून तो अशुद्ध ठरवू नये. तो शब्द दुसऱ्या भाषेचा आहे आणि त्या भाषेत अगदी बरोबर आहे, एवढे समासात लिहिले तरी विद्यार्थ्याला नियमही कळेल आणि त्याच्या घरच्या भाषेचा मानही राहील.