व्हाइस-काउंटी क्रमांक २० : हार्टफर्डशरच्या पतंगांची नोंदवही

हार्टफर्डशर ही लंडनच्या उत्तरेला लागून असलेली इंग्लंडमधली काउंटी. क्षेत्रफळ १,६०० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. पतंगांच्या नोंदी ठेवणारे मात्र तिला 'व्हाइस-काउंटी २०' म्हणून ओळखतात. ह्युएट कॉट्रेल वॉटसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये वनस्पतींच्या नोंदींसाठी ग्रेट ब्रिटनचे ११२ भाग पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. पुढे कीटकांच्या नोंदींसाठीही तीच विभागणी चालू राहिली. तिचा फायदा एवढाच, पण मोठा : ती बदलत नाही. सरकारी हद्दी मात्र बदलत राहतात. १९६५ च्या फेररचनेत बार्नेट हार्टफर्डशरमधून बृहन्लंडनमध्ये गेले आणि मिडलसेक्समधले पॉटर्स बार हार्टफर्डशरमध्ये आले. पत्ते बदलले, कर भरायची कचेरी बदलली. पतंगांच्या वहीत मात्र बार्नेट अजून हार्टफर्डशरमध्ये आहे आणि पॉटर्स बार मिडलसेक्समध्ये. शंभर वर्षांपूर्वीची यादी आजच्या यादीशेजारी ठेवायची तर दोन्ही एकाच जमिनीच्या हव्यात, हे त्यामागचे साधे कारण.

ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती साठाच्या आसपास. पतंगांच्या सुमारे अडीच हजार. त्यांपैकी नऊशेच्या आसपास 'मॅक्रो' म्हणजे मोठे पतंग आणि उरलेले 'मायक्रो'. ही वाटणी शास्त्राची कमी आणि सोयीची जास्त. 'मदर ऑफ पर्ल' नावाचा मायक्रो पतंग कितीतरी मॅक्रोंपेक्षा अंगाने मोठा भरतो. जुन्या संग्राहकांनी ज्या कुळांचा नाद केला ती मॅक्रो झाली, ज्यांच्याकडे काणाडोळा केला ती मायक्रो, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

पतंग मोजायचे तर त्यांना एका जागी आणावे लागते, आणि त्यासाठी दिवा. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाला कवींनी प्रेमवीर केले. प्रत्यक्षात तो बिचारा दिशाभुलीचा बळी असतो. अंधारातही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतो. बाजूला दिवा लागला की तो त्या दिव्याकडे पाठ करू पाहतो आणि त्याच्याभोवती गरगरत राहतो. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दिसून आले.

या गरगरण्याचा उपयोग करून घेणारे सापळे ब्रिटनमध्ये अनेक प्रकारचे आहेत. रॉबिन्सन बंधूंनी १९५० मध्ये मांडलेला गोल सापळा आणि त्यातला १२५ वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा हा सर्वांत जोरदार. बर्नार्ड स्किनर यांच्या नावाचा सापळा म्हणजे एक खोके आणि त्यावर तिरप्या बसवलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या. जॉन हीथ यांचा सापळा बॅटरीवर चालतो, म्हणून रानात नेता येतो. तत्त्व सगळीकडे एकच : पतंग नरसाळ्यातून किंवा फटीतून आत घरंगळतो आणि परतीची वाट त्याला सापडत नाही. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेले असतात. त्यांच्या खळग्यांत तो जाऊन बसतो आणि उजाडेपर्यंत स्वस्थ राहतो. रात्र उबदार, ढगाळ आणि बिनवाऱ्याची असावी, चांदणे नसावे. जुलैतल्या अशा एका रात्री बागेतल्या सापळ्यात शेकडो पतंग येतात.

काम खरे सुरू होते ते सकाळी, पक्षी जागे व्हायच्या आत. उशीर झाला तर रॉबिनसारखे पक्षी सापळ्याभोवती न्याहारीला बसलेले असतात. एकेक ट्रे हळूच उचलून उलटा करायचा. पहिल्याच खळग्यात तपकिरी, गुळगुळीत, पंख मिटलेला 'लार्ज यलो अंडरविंग' सापडण्याची शक्यता दांडगी. धक्का लागताच तो मागच्या पंखांचा हळदीसारखा पिवळा रंग चमकवतो आणि वेड्यासारखा उधळतो. शेजारी बसलेल्या दहा जणांनाही घेऊन उडतो. त्याच्या बाजूला 'बफ-टिप'. तो पतंग आहे हे ठाऊक नसेल तर बर्चची मोडकी काटकी समजून कुणीही तो फेकून देईल : अंग चंदेरी करडे आणि टोकाला ताज्या तुटलेल्या लाकडासारखा फिकट पिवळा ठिपका. 'हार्ट अँड डार्ट'च्या पंखावर बदाम आणि बाण असतात, पण तशा खुणा इतरांवरही दिसतात. सरावलेला माणूस समोरून पाहतो. डोक्यामागे काळी पट्टी दिसली की प्रश्न मिटला.

नावांची गंमत वेगळीच. इंग्लंडमधल्या जुन्या संग्राहकांनी पतंगांना घरातल्या आणि बाजारातल्या वस्तूंची नावे दिली : 'कार्पेट' म्हणजे गालिचा, 'ब्रोकेड' म्हणजे किनखाब, 'वेनस्कॉट' म्हणजे भिंतीचे लाकडी अस्तर, 'फुटमन' म्हणजे बड्या घरचा गणवेशधारी नोकर. त्या काळी गालिचा ही श्रीमंतीची चीज होती, त्यामुळे 'कार्पेट' म्हणणे हे कौतुकच. 'सेटेशस हिब्रू कॅरेक्टर'च्या पंखावर हिब्रू लिपीतले 'नून' अक्षर उमटलेले दिसते. आणि जिथे हात टेकले तिथे त्यांनी तेही लपवले नाही. एका जातीचे नाव 'अनसर्टन' म्हणजे अनिश्चित, दुसरीचे 'अनॉमलस' म्हणजे नियमात न बसणारी, तिसरीचे 'कन्फ्यूज्ड'.

चित्रांचाही प्रश्न होता. रिचर्ड साउथ यांचे ब्रिटिश पतंगांवरचे पुस्तक १९०७-०८ मध्ये आले आणि अनेक दशके घरोघरी वापरले गेले. पण त्यात पतंग टाचणीवर पंख पसरून लावलेले. जिवंत पतंग सहसा असा बसत नाही. २००३ मध्ये वॉरिंग आणि टाउनसेंड यांची मार्गदर्शिका रिचर्ड लुइंग्टन यांच्या चित्रांसह आली. तिच्यात प्रत्येक पतंग बसतो तसा काढलेला. मायक्रोंसाठी स्टर्लिंग आणि पार्सन्स यांचे तसेच पुस्तक २०१२ मध्ये निघाले. सह्याद्रीतला पतंग ओळखू पाहणाऱ्याला ही चैन नाही. त्याला आजही जॉर्ज हॅम्पसन यांचे १८९२ ते १८९६ या काळात निघालेले चार खंड उघडावे लागतात.

चांगली चित्रे असूनही काही जोड्या सुटत नाहीत. 'ग्रे डॅगर' आणि 'डार्क डॅगर' यांचे सुरवंट एकमेकांपासून सहज ओळखू येतात. ग्रे डॅगरच्या सुरवंटाच्या पाठीवर लांब पिवळा पट्टा आणि उंच काळा उंचवटा असतो. डार्क डॅगरच्या सुरवंटाचा उंचवटा बुटका आणि रंगसंगती वेगळी. पण पंख फुटले की दोघेही सारखेच करडे, पंखावर तीच काळी कट्यार. त्यांना ओळखायचे तर जननेंद्रिये तपासावी लागतात. मेलेल्या पतंगाच्या पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून, बारीक कुंचल्याने खवले झाडून, सूक्ष्मदर्शकाखाली आतले कठीण भाग पाहतात. प्रत्येक जातीत त्यांचा आकार ठरलेला असतो. हे सगळ्यांना जमत नाही, आणि केवळ नावासाठी पतंग मारणे अनेकांना पटतही नाही. अशा वेळी जातीचे नाव न देता दोघांचे एकत्रित नाव लिहायचे आणि पुढे 'अ‍ॅग' जोडायचा, म्हणजे 'या गटातला कुणीतरी'. नवख्याला हे कच खाल्ल्यासारखे वाटते. खरे तर वहीतली सर्वांत प्रामाणिक नोंद हीच.

याचा हिशेब मागेही जातो. 'कॉपर अंडरविंग' हा तांबूस मागच्या पंखांचा पतंग पिढ्यान्‌पिढ्या एकच जात म्हणून नोंदला जात होता. ब्रिटनमध्ये त्याच्या नावाखाली दोन जाती नांदत आहेत हे १९६८ मध्ये ध्यानात आले. दुसरीला 'स्वेन्सन्स कॉपर अंडरविंग' म्हणतात. फरक मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला : एकीत तांबूस रंग कडेपुरता, दुसरीत तो आतवर पसरलेला. त्या दिवसापासून आधीची प्रत्येक नोंद, नमुना जपून ठेवलेला नसेल तर, 'अ‍ॅग' झाली. नोंदणाऱ्याची चूक काहीच नव्हती.

नोंद म्हणजे चार गोष्टी : काय, कुठे, कधी आणि कुणी. 'कुठे'साठी गावाचे नाव पुरत नाही, ऑर्डनन्स सर्व्हेच्या चौकटींचा संदर्भ लागतो. त्यात दोन अक्षरे शंभर किलोमीटरांची चौकट सांगतात (हार्टफर्डशरचा बराचसा भाग 'टीएल'मध्ये येतो), पुढचे चार आकडे एक किलोमीटरपर्यंत नेतात आणि सहा आकडे शंभर मीटरपर्यंत. ही यादी काउंटीच्या नोंदप्रमुखाकडे जाते. हा माणूस बिनपगारी असतो, आणि त्याचे मुख्य काम शंका घेणे हे. सोप्या जाती तो तशाच स्वीकारतो, अवघड जातींसाठी छायाचित्र मागतो, त्याहून अवघड असतील तर नमुना. मे महिन्यात उडणारा पतंग कुणी ऑक्टोबरात लिहिला तर पत्र आलेच म्हणून समजावे. छाननीनंतर नोंदी राष्ट्रीय योजनेत जातात. 'बटरफ्लाय कॉन्झर्वेशन' संस्थेची ही योजना २००७ पासून चालू आहे. तिच्यातून २०१९ मध्ये मोठ्या पतंगांचा नकाशासंग्रह निघाला : ८९३ जाती, अडीच कोटींहून अधिक नोंदी. हार्टफर्डशरपुरते बोलायचे तर १८७५ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या निसर्ग-इतिहास संस्थेने २००८ मध्ये कॉलिन प्लांट यांचा काउंटीच्या पतंगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या काउंटीला पतंगांच्या इतिहासात जे स्थान आहे ते मुख्यतः दोन गावांमुळे. पहिले ट्रिंग. बँकर घराण्यातल्या वॉल्टर रॉथशिल्ड यांनी तिथे खासगी संग्रहालय उभारले आणि १८९२ मध्ये लोकांसाठी खुले केले. त्यांच्याकडे फुलपाखरे आणि पतंग मिळून साडेबावीस लाख नमुने जमले. मादागास्करच्या एका ऑर्किडची मधुनळी सुमारे फूटभर लांब पाहून डार्विन यांनी १८६२ मध्ये तर्क केला होता की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असला पाहिजे. वॉलेस यांनी १८६७ मध्ये तो हॉकमॉथ असेल असे सांगितले. रॉथशिल्ड आणि त्यांचे सहकारी कार्ल जॉर्डन यांनी १९०३ मध्ये ट्रिंगमधून त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नावातच 'प्रेडिक्टा' म्हणजे 'भाकीत केलेला' असा शब्द ठेवला.

दुसरे गाव हार्पेंडन. तिथे १८४३ पासून चालणारे रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्र आहे. सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये तिथल्या बार्नफिल्ड शेताजवळ दिव्याचा सापळा लावला आणि चार वर्षे रोजची पकड मोजली. १५,६०९ पतंग निघाले, जाती २४०. त्यातल्या ३५ जातींचा चार वर्षांत एकेकच पतंग सापडला. विल्यम्स यांनी हे आकडे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यापुढे ठेवले. मलायातल्या फुलपाखरांवर काम करणारे कॉर्बेट अशाच कोड्यात होते. तिघांचा लेख १९४३ मध्ये आला. जातींची संख्या पकडीच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे सार. बार्नफिल्डच्या आकड्यांवर त्या सूत्राने पाहिले तर पकड दुप्पट केल्यावर जेमतेम २८ नव्या जातींची भर पडते, मग ती पकड हजाराची दोन हजार झालेली असो की पंधरा हजारांची तीस हजार. परिसंस्थेतल्या विविधतेचे माप म्हणून त्या सूत्रातला 'फिशरचा अल्फा' आजही जगभर वापरतात. 

रॉथमस्टेडचा सापळा मुद्दाम दुबळा आहे. २०० वॅटचा साधा टंगस्टनचा बल्ब, वर छप्पर. नवे, तेजस्वी दिवे आले तरी तो बदलला नाही, कारण दिवा बदलला की आकड्यांची तुलना संपते. १९६८ पासून अशा सापळ्यांचे जाळे देशभर पसरले. त्याच आकड्यांवरून २०२१ च्या अहवालात ब्रिटनच्या मोठ्या पतंगांची संख्या पन्नास वर्षांत ३३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दक्षिण भागात ३९ टक्के, उत्तरेत २२. शेतीचा बदललेला तोंडवळा, कीटकनाशके, रात्रीचे दिवे, हवामान अशी कारणे सांगितली जातात. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर एकमत नाही.

सगळेच पतंग कमी झालेले नाहीत. हॉर्स चेस्टनटची पाने पोखरणारा मायक्रो २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डनमध्ये आढळला आणि काही वर्षांतच दक्षिण इंग्लंडची झाडे ऑगस्टमध्येच तपकिरी दिसू लागली. पूर्व आशियातला 'बॉक्स ट्री' पतंग २००७ मध्ये केंटमध्ये प्रथम नोंदला गेला. त्याचे सुरवंट बागांची कुंपणे खाऊन टाकतात. उलट, मागच्या पंखावर निळा पट्टा मिरवणारा 'क्लिफडन नॉनपरेल' विसाव्या शतकात ब्रिटनमधून नाहीसा झाला होता, तो दक्षिण इंग्लंडमध्ये पुन्हा स्थिरावला आहे. या गोष्टी कळल्या त्या बहुतांशी आपापल्या परसात सापळा लावणाऱ्यांमुळे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकालाही हे काम करता येते. पदवी लागत नाही, परवाना सहसा लागत नाही. सापळा नसेल तर अंगणातल्या दिव्याखाली पांढरी चादर टांगून सुरुवात होते. ओळख पटली नाही तर तसे लिहावे. छायाचित्र जोडावे, तारीख आणि चौकटीचा संदर्भ विसरू नये. घर पॉटर्स बारला असेल तर यादी व्हाइस-काउंटी २१, म्हणजे मिडलसेक्सच्या नावे घालावी.