खेळाची आवृत्ती आणि संज्ञेचा अर्थ

खेळाचे नियम बदलले म्हणजे त्याची परिभाषाही त्याच गतीने बदलते, असे नाही. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास हे अंतर विशेष उपयुक्त आहे. कारण खेळातील संज्ञेचा अर्थ तिला लागू असलेल्या नियमांनी ठरतो व म्हणून तो नेमका सांगता येतो.

मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांत छापील आवृत्त्यांमुळे हे परिवर्तन सनावार दाखविता येते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो; पात्राच्या कृतीचे यशापयश बहुधा फाशांनी ठरते. पात्राच्या संरक्षणाचा अंक ‘आर्मर क्लास’ या संज्ञेने दर्शवितात. आरंभीच्या आवृत्त्यांत हा अंक जितका लहान, तितके संरक्षण अधिक असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटला. संज्ञा मात्र तीच राहिली. याच्या उलट, २०२४ च्या सुधारित नियमग्रंथात पात्राच्या कुळासाठी रूढ असलेला ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ हा शब्द आला. पहिल्या उदाहरणात नियमाने शब्दाचा आशय पालटला. दुसऱ्यात शब्दाची सामाजिक छटाच शब्दास बाधली.

बुद्धिबळास अशा क्रमांकित आवृत्त्या नाहीत. तथापि नियमांतर तेथेही झाले आहे. अरबी-फारसी शतरंजात वजिराचे मोहरे तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजची दूरगामी चाल मिळाली. तेथे ते मोहरे ‘राणी’ म्हणून ओळखले जाते. मराठीत चाल बदलूनही ‘वजीर’ कायम आहे.

देशी पद्धतीत, प्रांतपरत्वे फरक असले तरी, प्यादे प्रथम चालीतही सामान्यतः एकच घर पुढे जाई, आणि राजास एकदा घोड्याची चाल करता येई. आंतरराष्ट्रीय पद्धतीतील राजा व हत्ती यांच्या जोडचालीसाठी मराठीत ‘किल्लेकोट’ ही संज्ञा आली. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. स्पर्धांबरोबर आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाले व देशी पद्धती मागे पडली.

या बदलाचा परिणाम पटापुरता मर्यादित नाही. ‘प्याद्याचा वजीर होणे’ हा प्रयोग पाहावा. आज शेवटच्या घरात पोहोचलेल्या कोणत्याही प्याद्याचा वजीर करता येतो. देशी पद्धतीत प्यादे ज्या उभ्या पट्टीत पोहोचे, त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे पद त्यास मिळे. हत्तीच्या पट्टीत पोहोचलेल्याचा हत्तीच होई. वजीरपद केवळ वजिराच्या वा राजाच्या पट्टीत लाभे. म्हणजे आज जो प्रयोग पराक्रमाचा वाटतो, त्यात पूर्वी स्थानाच्या भाग्याचाही अंश होता.

म्हणून जुन्या ग्रंथातील खेळाच्या संज्ञेस आजच्या नियमाचा अर्थ लावणे धोक्याचे होय. कोशकाराने अशा शब्दापुढे केवळ मोहऱ्याचे नाव न देता, तो शब्द कोणत्या काळातील व कोणत्या नियमपद्धतीतील आहे, याचीही नोंद करावी. देशी पद्धतीने खेळणारे विरळ होत असल्याने ही नोंद लवकर होणे इष्ट आहे.