गच्चीवरची वेधशाळा: घुमट राहू द्या, आधी खांब उभा करा

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी सुचवलेला: घरी स्वतःची वेधशाळा बांधता येते का? भाग ऐकताना कुणी बसमध्ये असतं, कुणाला रेंज नसते, म्हणून नेहमीसारखा हा लेखी मजकूर. बोलताना सुटलेले काही आकडेही इथे टाकलेत.

उत्तर आधीच देऊन टाकते. हो, बांधता येते. साताऱ्यात आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर माझी आहे. तिला घुमट नाही. लांबून बघितलं तर कुणालाही पाण्याच्या टाकीशेजारची पत्र्याची खोली वाटेल. पण आत एक खांब आहे, खांबावर दुर्बीण आहे आणि छप्पर सरकतं. तेवढ्यावर माझं काम भागतं.

वेधशाळा कशासाठी?

दुर्बीण घेतलेल्या कुणालाही विचारा, ती सध्या कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "माळ्यावर." कारण साधं आहे. दुर्बीण खाली काढायची, तिवई गच्चीवर न्यायची, जोडायची, समतल करायची, ध्रुवाकडे तोंड करून लावायची. यात पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात ढग येतात, किंवा सकाळी सातची ड्युटी आठवते. महिन्याभरात उत्साह मावळतो.

वेधशाळेचं खरं काम हा पाऊण तास वाचवणं. जेवण झालं, वर गेलात, आकाश मोकळं दिसलं, तर पाच मिनिटांत डोळा दुर्बिणीला लागला पाहिजे. पुढचा प्रत्येक खर्च याच कसोटीवर तपासा. हा खर्च माझी पाच मिनिटं राखतोय का? नसेल, तर सध्या थांबा.

आधी गच्चीचा नकाशा

खर्चाच्या आधी एक संध्याकाळ फुकटात घालवा. जिथे दुर्बीण ठेवणार तिथे उभे राहा आणि चारी बाजूंना क्षितिजापासून किती उंचीपर्यंत आकाश झाकलंय ते कागदावर मांडा. हात ताणून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. टाकी दोन मुठी, शेजारची इमारत तीन मुठी, असं लिहीत जा.

आमच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आहे. त्रिशंकूचे तारे साताऱ्याच्या अक्षांशावरून जास्तीत जास्त १० ते १५ अंशच वर येतात. म्हणजे ते बहुतेक किल्ल्यामागेच राहणार, हे मला नकाशावरच कळलं. उत्तरेला मात्र ध्रुवतारा दिसणं गरजेचं होतं. ध्रुवताऱ्याची उंची जवळपास आपल्या अक्षांशाएवढी असते: साताऱ्यात सुमारे १७.७ अंश, पुण्यात १८.५, नागपुरात २१. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये तो ४०-५० अंशांवर असतो, आपल्याकडे दोन मुठींच्या आत. उत्तरेला उंच इमारत असेल तर तो दिसणारच नाही.

याचा खरेदीशीही संबंध आहे. ताऱ्यांच्या मागे फिरणारी बैठक, म्हणजे इक्वेटोरियल माउंट, घेताना ती किती कमी अक्षांशापर्यंत झुकते ते माहितीपत्रकात बघा. अक्ष इतका आडवा केल्यावर काही बैठकींचं वजन खांबाला घासतं.

खांब

दुर्बीण चित्र २०० पट मोठं करते, तेव्हा हादराही २०० पट मोठा होतो. गच्चीच्या स्लॅबच्या मधोमध कुणी नुसतं चाललं तरी आयपीसमध्ये गुरू थरथरतो. म्हणून दुर्बीण स्लॅबच्या मध्यावर नको. ती कॉलमवर किंवा निदान बीमवर हवी, कारण तिथे स्लॅब सगळ्यात कमी हलतो.

आता आपल्याकडची गंमत बघा. गावोगावी घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर आलेल्या दिसतात. पुढे कधीतरी मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या. वर्षानुवर्षं त्या पावसात गंजत असतात. दुर्बिणीच्या खांबासाठी याहून चांगली जागा नाही, कारण कॉलमचा भार थेट पायावर जातो.

आमच्याकडे नेमका इथेच पेच पडला. त्या सळ्या म्हणजे बाबांचा वरचा मजला. दादाचं लग्न झालं की खोल्या लागतील, हे घर बांधतानाच ठरलेलं. "तुझ्या दुर्बिणीसाठी मजल्यावर पाणी सोडू का?" असं ते म्हणाले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं आमच्या घराच्या इंजिनिअर काकांनी. उघड्या सळ्या गंजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती कमी सिमेंटचं कच्चं काँक्रीट ओतून ठेवण्याची पद्धत आहेच. मजला चढवायच्या वेळी ते फोडून टाकतात आणि आत सळ्या शाबूत मिळतात. तेच काँक्रीट नीट साच्यात, तीन फूट उंच ओतायचं आणि वरच्या टोकाला बैठकीसाठी बोल्ट सोडायचे. सळ्याही झाकल्या जातात आणि खांबही मिळतो. बाबा तयार झाले. मजला होईल तेव्हा खांब फुटेल, हे मलाही मान्य आहे.

तुमच्याकडे सळ्या नसतील तर सहा इंची लोखंडी पाइप, खाली-वर जाड प्लेट, आत कोरडी वाळू. वाळूमुळे पाइपची थरथर लवकर विरते. पण तो स्लॅबला ठोकताना वॉटरप्रूफिंगला भोक पडलं, तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीत गळती आणि घरात महाभारत. म्हणून जागा आणि वजन ठरवताना इंजिनिअरला विचाराच. इथे अंदाज चालत नाही.

खांबाभोवती मी फळ्यांची जमीन केली आहे आणि ती खांबाला कुठेच टेकत नाही. इंचभर फट सोडली आहे, म्हणजे आपली पावलं थेट दुर्बिणीपर्यंत पोहोचत नाहीत.

छप्पर

तीन प्रकार आहेत. एक, घुमट. वाऱ्यापासून आणि आजूबाजूच्या उजेडापासून उत्तम आडोसा, पण तो गोल फिरवावा लागतो, महाग पडतो आणि आत एकावेळी एखाद-दुसराच माणूस मावतो. दोन, चाकांवरची अख्खी पेटी, जी उचलून किंवा ढकलून बाजूला करायची. तीन, सरकतं छप्पर: भिंती जागेवर, छप्पर रुळांवरून बाजूला. मी तिसरा घेतला.

हे काम कुठलाही चांगला फॅब्रिकेशनवाला करतो, फक्त त्याला "वेधशाळा" म्हणू नका. "सरकतं गेट आडवं करायचंय" म्हणा, लगेच कळतं. रूळ म्हणजे उलटा ठेवलेला लोखंडी अँगल, त्यावर सरकत्या गेटची खाचेची चाकं. भाव किलोवर असतो, म्हणून सांगाडा गरजेपुरताच ठेवा. माझी खोली आठ फूट बाय आठ फूट, भिंती साडेचार फूट. सरकलेलं छप्पर जिकडे जातं तिकडचं खालचं आकाश झाकलं जातं. माझी दक्षिण किल्ल्यानं आधीच घेतलेली, म्हणून छप्परही दक्षिणेलाच सरकतं. कागदावरच्या नकाशाचा उपयोग इथे झाला.

दोन गोष्टी सोडू नका. एक, चारी कोपऱ्यांना कड्या. उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात मोकळा पत्रा उडाला तर तो कुणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. दोन, छप्पर एका माणसाला एका मिनिटात लावता आलं पाहिजे. वळीव फोन करून येत नाही.

पक्कं बांधकाम करायचं असेल तर नगरपालिकेची किंवा सोसायटीची परवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या. आणि घरात एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडयांसाठी गच्ची लागत असेल, तर आईशीही करार करा. आमच्यात पूर्वेचा अर्धा भाग वाळवणाचा आहे.

तापलेला स्लॅब

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. गरम हवा वर चढते आणि ताऱ्यांची चित्रं पाण्याखाली असल्यासारखी हलतात. म्हणून वेधशाळा बाहेरून पांढरी रंगवा, सूर्य मावळला की छप्पर उघडून आतली हवा थंड होऊ द्या आणि ग्रहांचं बारकाईचं निरीक्षण दहानंतर ठेवा. शिवाय वस्तू जितकी डोक्यावर तितकं चित्र चांगलं. ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं दुप्पट हवेतून येतो.

पावसाळा आणि वीज

जून ते सप्टेंबर माझी वेधशाळा रिकामी असते. दमट हवेत भिंगांवर आणि आरशांवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेपच खाते. म्हणून दुर्बीण आणि आयपीस घरात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. खांबावरच्या बोल्टना ग्रीस आणि वरून प्लॅस्टिक.

वायरिंगला अर्थिंग आणि आरसीसीबी हवंच. विजा चमकत असतील तर प्लग काढा आणि सरळ खाली या. गच्चीवर लोखंडाजवळ उभं राहण्याची ती वेळ नव्हे.

शहराच्या उजेडात काय दिसणार?

हा तुमचा नेहमीचा प्रश्न. आकाशगंगेचा पट्टा हवा असेल तर शहर सोडावंच लागेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नाही. पण चंद्र, ग्रह, जोडतारे आणि रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे, रस्त्यावरच्या दिव्यांना फारसे घाबरत नाहीत. थेट डोळ्यांवर येणारा दिवा अडवायला भिंतीवर चढवलेली ताडपत्रीची चौकट पुरते.

ययाती तारकासमूहातला अल्गॉल घ्या. दर २ दिवस २१ तासांनी (नेमकं सांगायचं तर त्यात ११ मिनिटं कमी) त्याचा मंद जोडीदार त्याच्या आड येतो आणि अल्गॉलचं तेज सुमारे एक तृतीयांश उरतं. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. २०२० च्या फेब्रुवारीत मृगातला काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, इतका मंदावला की मृगाची आकृतीच वेगळी वाटत होती. अशा नोंदी अमेरिकेतली आव्सो ही १९११ पासूनची संस्था जगभरातल्या हौशी लोकांकडून घेते. पदवी कुणी विचारत नाही, नोंद नियमित आणि प्रामाणिक हवी. आणि नियमित नोंद माळ्यावरच्या दुर्बिणीनं होत नाही.

यासाठी अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातल्या व्हिक्टर बुसो यांची गोष्ट सांगते. व्यवसाय कुलूप-किल्ल्यांचा, घराच्या छतावर स्वतःची वेधशाळा, तीत ४० सेंटिमीटरची दुर्बीण. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते नवा कॅमेरा तपासून बघत होते. जवळजवळ डोक्यावर असलेल्या एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे २०-२० सेकंदांचे फोटो घेत होते. त्या फोटोंमध्ये आधी नसलेला एक ठिपका उमटला आणि उजळत गेला. तारा फुटतानाचा अगदी पहिला प्रकाश त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. तारा कधी फुटणार हे आधी कळत नाही, त्यामुळे मोठमोठ्या दुर्बिणींनाही हा क्षण सहसा सापडत नाही. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि लेखकांच्या यादीत बुसोही होते.

हे नशीब होतं, नक्कीच. पण त्या रात्री छप्पर उघडं होतं आणि दुर्बीण खांबावर तयार होती.

आजच सुरू करायचं असेल तर

भाड्याचं घर आहे, सोसायटीची गच्ची आहे, बजेट नाही? तरीही सुरुवात होते. कॉलमवरची जागा शोधा. तिवई एकदाच नीट, ध्रुवताऱ्याकडे तोंड करून लावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, पण डोळ्यांनी बघण्यासाठी एवढा फरक चालतो. मग परवानगी घेऊन तिवईचे तीन पाय जिथे टेकतात तिथे ऑइलपेंटचे तीन ठिपके काढा आणि पायांच्या उंचीवर मार्करनं खूण करा. पुढच्या वेळी पाय ठिपक्यांवर ठेवले की झालं. अर्ध्याहून जास्त वेळ वाचला. तीन ठिपक्यांची ही तुमची पहिली वेधशाळा.

वर्षभर ठिपके वापरा. गच्चीवर किती रात्री जाता ते डायरीत लिहा. आठवड्यातून दोनदा जात असाल तर खांब बांधा. खांब रोज वापरात आला तर छप्पर करा. दुर्बीण अजून घेतलीच नसेल तर आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला एक रात्र जाऊन या.

गच्चीचा नकाशा काढलात तर फोटो पाठवा, कॉलमची जागा नक्की झाली नसेल तर तेही विचारा. पुढच्या भागात अल्गॉलचं तेज नुसत्या डोळ्यांनी कसं मोजायचं ते बघू. तोवर आकाश निरभ्र असो!