जत्रांच्या पंचांगावर चालणारं नाटक

तुळशीची लग्नं लागली की सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांचे पेटारे उघडतात. पावसाळाभर घडी घालून ठेवलेल्या साड्या आणि शेले उन्हात पडतात, मुकुटांचा उडालेला बेगड पुन्हा चिकटवला जातो, पखवाजाच्या वाद्या आवळल्या जातात. भातकापणीतून मोकळे झालेले हात तलवारी आणि गदा रंगवू लागतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे पहिल्या जत्रा भरतात. तिथून पुढे पाऊस तोंडावर येईपर्यंत सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, दोडामार्ग आणि सीमेपलीकडे गोव्याच्या पेडणे तालुक्यात रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळापुढे राजा, राणी, राक्षस आणि नारद उभे राहतात.

एरवी नाटकाचा प्रयोग लागायचा तर आधी नाट्यगृहाची तारीख मिळवावी लागते. दशावताराची तारीख देवस्थानाने कधीचीच ठरवून ठेवलेली आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिक वद्य प्रतिपदेला भरते. लोटांगणाची जत्रा म्हणून ती सगळ्या कोकणाला माहीत आहे. अशीच गावोगावच्या ग्रामदेवतांची तिथी ठरलेली. जुन्या पारंपरिक कंपन्यांच्या जत्राही ठरलेल्या असतात. वालावलकर, आजगावकर, पार्सेकर, मोचेमाडकर, चेंदवणकर, खानोलकर ही नावं गावांवरून आलेली आहेत. अमुक देवळात अमुक कंपनीचाच खेळ, हा करार अनेक ठिकाणी कागदावर नसतो, तरी पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. येत्या हंगामाचं वेळापत्रक हवं असेल तर पंचांग उघडावं आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारावं. बाकी रात्री नवसाच्या, वाढदिवसाच्या, घरभरणीच्या आणि सत्यनारायणाच्या पूजेच्या. त्यांची खबर स्थानिक वर्तमानपत्रं आणि मोबाइलवरचे निरोप देतात.

या पंचांगातच दशावताराच्या दीर्घायुष्याचं कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्या नाटकाला छापील संहिता नाही, स्वतःचं नाट्यगृह नाही आणि जत्रेत तिकीटही नाही, ते शतकानुशतकं टिकलं. कारण त्याची रात्र कोणालाही रद्द करता येत नव्हती.

समर्थांच्या आधीपासून

दशावताराच्या उगमाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. अठराव्या शतकात आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, अशी ती गोष्ट. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या यक्षगानाशी दशावताराचं नातं उघड आहे; तिकडेही या खेळाला दशावतार आट म्हणतात. पण समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात स्त्रिया होऊन येणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आहे. समर्थांचं निर्वाण १६८१-८२ चं. म्हणजे सतराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला हा खेळ दृष्टान्तात वापरण्याइतका ओळखीचा होता. काळे यांनी त्याला नवं वळण दिलं असेल, नवा जोम दिला असेल; त्याचा जन्म मात्र त्यांच्या आधीचा मानावा लागतो.

दुसरा धागा सांगलीला जातो. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं आणि तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी भाव्यांना हे काम सांगितलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. भाव्यांच्या नाटकातला क्रम पाहा: गाणारा सूत्रधार, विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसून येणारी सरस्वती, आणि त्यानंतर आख्यान. याच क्रमाची ठेवण आजही जत्रेच्या रात्री दिसते. मराठी नाटकाच्या पहिल्या पानावर जे घडलं, त्याचा जिवंत भाऊबंद पाहायला सिंधुदुर्गातल्या देवळाच्या अंगणात बसावं लागतं.

एका रात्रीची बांधणी

पालखीची प्रदक्षिणा आटोपली की खेळाला सुरुवात होते. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन होतं, रथ होतं, पर्वताचं शिखर होतं. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. पेटीवर बसलेला हरदास किंवा नाईक हा त्या रात्रीचा सूत्रधार.

पहिला भाग आड दशावताराचा. गणपती येतो, त्याच्यासोबत ऋद्धी-सिद्धी. भटजी येऊन पूजा सांगतो. सरस्वती येते. मग अंगभर काळा वेश घातलेला, लांब लाल जीभ काढणारा संकासुर उडी घेतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस बोलतो मात्र अस्सल मालवणी. नाईकाशी हुज्जत घालताना तो गावच्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत कोणाचाही समाचार घेतो आणि ज्याचा समाचार घेतला जातो तोही पुढच्या रांगेत बसून हसतो. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. शिमग्यात उत्तरेकडे, गुहागर-चिपळूणच्या बाजूला, हाच संकासुर नमन-खेळ्यांतून दारोदार फिरतो.

त्यानंतर आख्यान लागतं. महाभारत, रामायण, पुराणं, क्षेत्रमाहात्म्यं आणि पुराणाच्या धर्तीवर रचलेली काल्पनिक कथानकं. पहाटे पहाटे युद्ध होतं. पखवाजाच्या बोलावर गिरक्या घेत दोन वीर एकमेकांवर चालून जातात, तेव्हा आईच्या मांडीवर झोपलेली पोरंही जागी होतात. उजाडताना दहीहंडी फुटते आणि दहीकाला होतो. म्हणून मालवणी माणूस या खेळाला नुसतं ‘धयकालो’ म्हणतो.

न लिहिलेले संवाद

त्या रात्री कोणतं आख्यान लावायचं, हे अनेकदा संध्याकाळीच ठरतं. रंगायला बसता बसता कथेचा सांगाडा सांगितला जातो, पात्रं वाटली जातात. राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलनायक, देव, नारद, विनोदी अशा ज्याच्या त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. संवाद कोणीच लिहून देत नाही. समोरच्याने जे टाकलं ते झेलून परत टाकायचं. त्यासाठी पुराणांचं ज्ञान हवं, संस्कृतप्रचुर मराठीवर हुकमत हवी आणि समोरच्या नटाच्या मनात काय चाललंय हे त्याच्या डोळ्यांवरून कळायला हवं. शाळा अर्ध्यात सुटलेला माणूस इथे धर्म आणि राजनीती यांवर अर्धा अर्धा तास वाद घालतो आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करतो.

हे शक्य होतं ते प्रेक्षकामुळे. देवळासमोरच्या आजीला भीष्माची प्रतिज्ञा आणि हरिश्चंद्राचं सत्त्व दोन्ही पाठ आहेत. नट चुकला तर ती शेजारणीला सांगते, आणि नटाला ते ऐकू येतं. कथा ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार याची तिला उत्सुकता नसते. आज हा राजा तीच गोष्ट कशी मांडतो, हे पाहायला ती रात्रभर थंडीत बसते. अशा जाणत्या डोळ्यांपुढे घडूनच नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण लोकांचे ‘लोकराजा’ झाले. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला.

रात्रीचा राजा, सकाळचा माणूस

‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण दशावताऱ्यांच्या जगण्यातून आली आहे. पूर्वी खेळ संपला की नट पेटारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरून पुढच्या गावी चालत जात. आता टेम्पो आणि गाड्या आहेत, पण रोजची जागरणं, आवाजावरचा ताण आणि दिवसाची तुटक झोप तशीच आहे. मानधन रात्रीवर मिळतं. त्याला ‘नाईट’ म्हणतात. पावसाळ्यात नाईट नाही, तेव्हा शेती किंवा मिळेल ती मजुरी. कोरोनाच्या काळात जत्रा देवळाच्या आवारापुरत्या उरल्या आणि या माणसांचं उत्पन्न एकाएकी थांबलं. पंचांगाचा आधार केवढा मोठा होता, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, पण त्यासाठी कलेतल्या वर्षांचे पुरावे जोडावे लागतात. ज्याच्या चाळीस वर्षांच्या कामाची साक्ष देवळाचं अंगण देतं, त्याच्याकडे कात्रणं आणि प्रमाणपत्रं कुठून येणार? देवस्थान समित्यांनी दर जत्रेला खेळ करणाऱ्या कंपनीची, आख्यानाची आणि नटांची नोंद एका वहीत ठेवली, तर हे काम फार सोपं होईल. डॉ. तुलसी बेहेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कलेवर मोलाचं संशोधन केलं; गावोगावच्या अशा वह्या पुढच्या संशोधकाच्याही हाती येतील.

बदलाचे वारे

आज गर्दी खेचतात ते ‘ट्रिकसीन’ आणि ‘संयुक्त दशावतार’. ट्रिकसीनमध्ये धूर होतो, नाग डोलतो, देवी भूमीतून प्रकटते. संयुक्त दशावतारात वेगवेगळ्या कंपन्यांचे नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. दोन्हींमुळे तरुण प्रेक्षक आला, नटांची नाईट वाढली, आणि ते चांगलंच झालं. स्त्रियांची दशावतारी मंडळंही उभी राहिली आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या चित्रपटाने, दिलीप प्रभावळकरांच्या भूमिकेमुळे, हा वेश घाटावरच्या घराघरांत पोचवला.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. महोत्सवांतल्या दोन तासांत आड दशावतार बसत नाही, म्हणून गणपतीनंतर थेट आख्यान लावलं जातं. संकासुर गळतो. त्याच्यासोबत गावाची भाषा, गावाची थट्टा आणि गावाने स्वतःकडे हसून पाहण्याची हक्काची जागाही गळते. दुसरी काळजी ध्वनिचित्रफितींची. मोबाइलवर अख्खी नाटकं पाहायला मिळतात आणि नवे नट त्यावरून शिकतात. त्यातून एखाद्याच्या उत्स्फूर्त संवादाची दहा ठिकाणी नक्कल होते. ज्या कलेत दोन रात्री कधीच सारख्या नसायच्या, तिथे पाठांतर शिरू लागलं आहे.

यावर उपाय सरकारच्या हातात थोडा आणि आपल्या हातात बराच आहे. मुंबई-पुण्याचे चाकरमानी जत्रेला गावी येतात, देवीची ओटी भरतात, खाजं घेतात आणि दहा वाजता घरी जाऊन झोपतात. यंदा त्यांनी थांबावं. मुलांना आधी आख्यानाची गोष्ट सांगावी, संकासुराची मालवणी समजावून द्यावी आणि आरतीचं ताट समोर आलं की त्यात सढळ हाताने घालावं. जत्रेच्या समित्यांनी कंपनीशी बोलताना संपूर्ण आड दशावताराची मागणी करावी. मागणी असेल तर कंपन्या आनंदाने करतात. नवस बोलणाऱ्यांनी नव्या मुलांना मोठे पार्ट देणाऱ्या कंपनीला एक रात्र द्यावी. उत्स्फूर्त बोलणारा नट घडायला चोखंदळ ऐकणारा लागतो. देवळाने आपली तिथी आजवर सांभाळली आहे. त्या तिथीला पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक पुरवणं ही आता आपली जबाबदारी आहे.