अनोळखी ‘हाय’ला उत्तर देणं बंधनकारक नाही

आपल्या गटाच्या पापडाच्या, मसाल्याच्या पाकिटावर मोबाइल नंबर छापलेला असतो. त्यावर ऑर्डर येतात, आणि त्याच नंबरवर अनोळखी माणसाचा नुसता ‘हाय’ही येतो. ना नाव, ना गाव, ना काम. आज त्याविषयीच बोलू.

गटाच्या बैठकीत हा विषय काढला की प्रत्येकीची चीड बाहेर पडते. दुसऱ्याच मेसेजला ‘तू’ आणि ‘डिअर’. ‘जेवलीस का?’, ‘मिस्टर काय करतात?’, ‘डीपी छान आहे, अजून फोटो पाठव.’ उत्तर दिलं नाही तर प्रश्नचिन्हांची रांग, आणि रात्री दहाला थेट व्हिडिओ कॉल. कुणी न विचारता भलत्याच ग्रुपमध्ये घालतं.

चीड येते, तरी आपण गप्प बसतो. घरी कळलं तर ‘तूच काहीतरी बोलली असशील’ म्हणतील आणि फोन काढून घेतील, ही भीती असते. मग गटाच्या ऑर्डरी, बँकेचे मेसेज, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळंच बंद. समोरच्यालाही ही भीती ठाऊक असते. धमकी देणाऱ्याचं काम त्यावरच चालतं.

मैत्रिणींनो, दारात अनोळखी माणूस आला तर आपण त्याला ओसरीवरच थांबवतो. कोण, कुठले, काय काम, हे विचारतो. फोनवरही तेच करा. ‘कोणता माल हवा आणि किती?’ एवढंच विचारा. खरं गिऱ्हाईक लगेच सांगेल. जो सांगत नाही त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही, आणि त्यात उद्धटपणाही नाही.

गोड बोलण्यामागे पैशाचा डाव असू शकतो. तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, ‘तुमच्यासाठी परदेशातून भेट पाठवली, सोडवायला पैसे भरा.’ दुसरा, अनोळखी व्हिडिओ कॉल उचलला की समोर अश्लील चित्र दिसतं, त्यासोबत आपला चेहरा रेकॉर्ड होतो आणि बदनामीची धमकी येते. तिसरा, ‘ऑर्डरचे पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

आता फोन हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडा. प्रोफाइल फोटो आणि ग्रुप, दोन्हीकडे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. म्हणजे तुमचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल आणि अनोळखी कुणी तुम्हाला ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. तिथेच अनोळखी कॉलची रिंग बंद करण्याचीही सोय आहे. ऑर्डरी घेणाऱ्यांनी मात्र ती विचार करून वापरावी, कारण नव्या गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलचीही रिंग वाजणार नाही. जमल्यास पाकिटावर गटाचा वेगळा नंबर छापा.

कुणी त्रास देत असेल तर एकदाच स्पष्ट लिहा, ‘मला मेसेज करू नका.’ पुन्हा आला तर आधी नंबरासकट स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. घाईने चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो. बाईने नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर 3 वर्षांपर्यंत, पुन्हा ठरला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. पोलीस ठाण्यात जाताना गटातली एखादी सोबत न्या. तातडीची मदत हवी असेल तर 112 आहेच.

ऐकणाऱ्या सासूबाईंना, दादांना, भाऊजींना एक विनंती. घरातली बाई असं काही सांगू लागली तर आधी ऐकून घ्या. तिचा फोन काढून घेतला तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

आणि मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. जिला सेटिंग जमतं तिने शेजारणीला शिकवावं.