जवळा, कोहळा आणि समुद्रशेवाळ : खाडीकाठावरून घरगुती चिनी स्वयंपाकाचा आढावा

चिनी खाण्यावर मराठीत आजवर भरपूर लिहून झालं आहे, पण त्यातलं बहुतेक हॉटेलातल्या चिनी खाण्यावरचं. ते पुन्हा उगाळत नाही. 1975 साली मुंबईत नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं, पुढे ती चव गाड्यांवर उतरली, शेजवानच्या बाटल्या वाण्याच्या फळीवर आल्या आणि आज वडखळ नाक्यापासून रोह्यापर्यंत दिवेलागणीला मोठ्या आचेवर कढया खडखडू लागतात. त्या खाण्याला त्याची जागा आहे. माझं भांडण आहे ते त्यालाच चिनी घरचा स्वयंपाक समजणाऱ्यांशी.

चिनी घरात रोज काय शिजतं? साधा भात, लसणावर परतलेली पालेभाजी, वाफवलेलं अंडं आणि पातळ सार. तेल बेताचं, तिखटाचा आग्रह काही प्रांतांपुरताच. चव येते ती वाळवणातून आणि आंबवणातून. सुकी कोलंबी, सुका जवळा, समुद्रशेवाळ, वाळवलेली अळिंबी, सोयाबीनचा अर्क. मूठभर वाळवण पातेलंभर भाजीला पुरतं. धरमतरच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. वांग्यात सुकट, गवारीत किंवा घोसाळ्यात सोडे, वालाच्या बिरड्यात सोडे, हे खारेपाटातल्या आगरी-कोळी घरांनी कायम केलं. अगोटीची बेगमी करताना तांदूळ, मीठ, मिरची यांच्या बरोबरीनं सुकी मासळी भरली जायची, कारण पावसाळ्यात दर्या बंद. आजही जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पण अगोट भरणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी उरली आहेत.

आता जवळ्याबद्दल सविस्तर लिहू द्या, कारण त्याच्यासाठी मी आयुष्यभर भांडत आले. जवळा म्हणजे कोलंबीचं पिल्लू नव्हे. ती स्वतंत्र, पूर्ण वाढूनही इवलीशीच राहणारी जात आहे. शास्त्रीय नाव ॲसिटिस इंडिकस. डोल जाळ्यात तो बोंबलाबरोबर ढिगानं येतो, आणि नाजूक असल्यामुळे लगेच वाळवावा लागतो. चीनच्या उत्तर किनाऱ्यावर, बोहाय समुद्रात, असाच जवळा निघतो. त्याची जात ॲसिटिस चायनेन्सिस, म्हणजे आपल्या जवळ्याचा सख्खा चुलतभाऊ. तिथे त्याला श्यापी म्हणतात आणि तो घराघरांत बरणीत असतो. सारात, अंड्यात, कोबीत, वाफवलेल्या करंज्यांच्या सारणात, सगळीकडे चिमूटभर पडतो. आपल्याकडे मात्र जवळा म्हणजे दुसरं कालवण करायला काही नसेल त्या दिवसाचं खाणं. पाहुणे आले की बरणी मागे सरकवायची. मी पाककृती लिहू लागले तेव्हा एका ज्येष्ठ संपादिकेनं जवळ्याची कृती वास येणारी म्हणून परत पाठवली होती. आजही काही नामवंत मंडळी ‘चिनी’ सदरात चीज घालतात, पण जवळा घालायला धजत नाहीत.

माझी आत्या धरमतरच्या धक्क्यावरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला सुकटीचा हारा घेऊन जायची. तेव्हा मुंबईहून पेण-महाडकडे येणारी माणसंही धरमतरला उतरून पुढची गाडी धरत. आत्या जवळा हातात घेऊन आधी दाबून बघे. चांगला जवळा कोरडा, हलका आणि फिकट गुलाबी असतो. मुठीत दाबून सोडला की सुटा होतो. पिवळा पडलेला, चिकटणारा किंवा नाकाला झोंबणारा घेऊ नये. घरी आणल्यावर चाळायचा, मग भांडंभर पाण्यात हलवून हातानं वरचा वर काढायचा, म्हणजे वाळू तळाशी राहते. घट्ट पिळून कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजायचा. ही भाजणी हाच सगळा स्वयंपाक आहे. ती चुकली की मग वासाच्या तक्रारी सुरू होतात.

अशा जवळ्याचं चिनी घरगुती सार दहा मिनिटांत होतं. चार वाट्या पाणी उकळवा, त्यात दोन चमचे भाजलेला जवळा आणि आल्याचे दोन काप टाका. पाच मिनिटांनी झीत्साय नावाचं जांभळट काळं समुद्रशेवाळ फाडून घाला. ते फुजियान प्रांताकडून सुकवलेल्या गोल चकत्यांत येतं. न मिळाल्यास मुंबईत सहज मिळणारे नोरीचे कागद चालतात. आच कमी करून फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडा, लगेच ढवळू नका, ते फुलाच्या पाकळ्यांसारखं वर येऊ द्या. पांढरी मिरी, कांद्याची पात, तिळाच्या तेलाचे दोन थेंब. मीठ चाखूनच घाला. वाफवलेल्या अंड्याला तर याहून कमी खटपट आहे. अंड्यांच्या दुप्पट कोमट पाणी घालून फेटा, गाळून घ्या, वर जवळा पसरा, ताटली झाका आणि मंद वाफेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. आच मोठी झाली की जाळी पडते.

समुद्रशेवाळ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच विचारते, चायना ग्रास कशाचं होतं? लाल समुद्रशेवाळाचं. त्याची पुडिंगं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. दुसरा आक्षेप असा की हे आपल्या मातीतलं नाही. धरमतरच्या खाडीत ते फारसं मिळत नाही हे खरं आहे. इथलं पाणी गाळानं गढूळ, उजेड खोलवर जात नाही आणि शेवाळाला धरून राहायला खडक नाही. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर ते उगवतं. पण हायदाय नावाचं जे पट्ट्यांचं शेवाळ चिनी घरांत आज रोजचं आहे, तेही मूळचं तिथलं नव्हे. 1927 च्या सुमारास ते जपानकडून दालियनच्या किनाऱ्याला आलं. 1950 नंतर त्सेंग चेंगक्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरखंडांवर त्याची शेती बसवली आणि ते गरिबाच्या ताटापर्यंत पोचलं. म्हणजे परकी वस्तू एका पिढीत घरची होऊ शकते.

हायदायच्या जातीच्याच जपानी कोंबूपासून 1908 साली किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळं केलं आणि दुसऱ्या वर्षी अजिनोमोटो बाजारात आलं. अजिनोमोटोला विष म्हणणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. माफक वापरात ते घातक नाही, असंच अन्नसुरक्षा संस्थांचं मत आहे. पण चिमूट टाकून मोकळं होणाऱ्यांचंही पटत नाही. त्या पांढऱ्या पुडीतून एकच चव मिळते. इकेदांनंतर कोडामांनी 1913 मध्ये सुक्या माशातून दुसरा घटक शोधला, इनोसिनेट. हे दोन एकत्र आले की चव बेरजेनं नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच शेवाळाबरोबर सुकी मासळी टाकतात. बोंबलाचे तुकडे आणि हायदाय एकत्र उकळून पाहा, मग अळणी दुधीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घ्याल. मात्र हायदायमध्ये आयोडीन भरमसाट असतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, आणि इतरांनीही बोटभर तुकडा उकळून काढून टाकावा. रोज तर नकोच.

टोफू, सोया सॉस, नूडल्स यांविषयी इतरांनी पुरेसं लिहिलं आहे. मला कोहळ्याकडे जायचं आहे. आपण कोहळ्याचा पाक करतो, सांडगे घालतो, दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतो, आणि भाजी म्हणून विसरतो. चीनमध्ये तोच कोहळा उन्हाळ्यातली लाडकी भाजी, आणि तिची जोडी ठरलेली, सुक्या कोलंबीशी. सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी फेकू नका. तेलात आलं आणि सोडे परता, कोहळ्याच्या जाड फोडी घाला, भिजवणीचं पाणी ओता, झाकण ठेवा. फोडी काचेसारख्या पारदर्शक झाल्या की उतरवा. हळद नाही, तिखट नाही, खोबरं नाही. तांदळाच्या भाकरीबरोबरही उत्तम लागते.

दुःख एवढंच की सोडे आता सोन्याच्या भावाचे वाटू लागले आहेत आणि चांगला जवळा शोधावा लागतो. बराचसा जवळा कोंबड्यांच्या खाद्यात आणि खतात जातो. उरलेला कुठे वाळूवर, कुठे डांबरी रस्त्यावर पसरलेला दिसतो. खाडीत बार्जांची ये-जा वाढली, बांधाला खांडी गेल्या, लहान होडीवाल्यांची मुलं पाळीच्या नोकरीला लागली. खाद्यमहोत्सवांत मात्र जिताड्याच्या तळलेल्या तुकड्यांचा आणि पोपटीचाच गाजावाजा. जमिनीपासून उंच मांडलेल्या जाळीवर वाळवलेला, चाळलेला, तारीख घातलेला जवळा पेणच्या बाजारात पापड-पोह्यांच्या शेजारी मांडला, तर बायकांच्या बचत गटांना त्यातून चांगला पैसा मिळेल. हे मी सभांमधून बोलत आले आहे आणि बोलत राहणार आहे.

आणि ज्यांना खाडीचीच हिरवी भाजी हवी, त्यांनी मोरस आणावी. खाजणात, बांधाच्या कडेला उगवणारी, बारीक मांसल पानांची ही भाजी अंगचीच खारट असते. कोवळे शेंडे खुडा, उकळत्या पाण्यात घालून ते पाणी ओतून द्या, हवं तर पुन्हा एकदा तसंच करा, मग घट्ट पिळा. कढई चांगली तापवून तेलात ठेचलेला लसूण, भाजलेला जवळा आणि मोरस दोन मिनिटं मोठ्या आचेवर परता, वरून व्हिनेगरचे चार थेंब. मीठ घालू नका, सोया सॉसही नको.